उतरंडीतलं नाव

४ फेब्रुवारी

ताईस नमस्कार.

हाताने लिहिलेलं पत्र बघून तू पाकीट दोनदा उलटंपालटं करशील आणि म्हणशील, आपल्या मामेभावाला झालंय तरी काय. प्रकृतीने ठणठणीत आहे. पण कारखान्याची मेल ऑफिसात वाचली जाते असा मला संशय आहे, आणि घरच्या इंटरनेटवर त्याहून कमी विश्वास आहे. का, ते आत्ता विचारू नकोस. पोस्टमन तेवढा अजून कोणाच्या बाजूचा नाही.

कामाचं लिहितो. तू उमेदीची सगळी वर्षं मोठ्या कंपनीत कर्नलच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या गाभ्यातल्या मूळ प्रोग्रॅमच्या, आत हात घालून काढलीस. मी तेच घरी बसून, पुस्तकांचे कणे मोडेपर्यंत वाचून शिकलो. मला कोणी शिकवलं नाही याचा मला अभिमान आहे, हे तू नेहमी हसून सांगतेस, हस. पण दुसरं मत घ्यायचं तर ते तुझंच.

आमचा कारखाना मोज्यांचा. जुन्या विणयंत्रांचे मेंदू मेले तेव्हा मालक ती भंगारात काढणार होते. मी प्रत्येक यंत्राला एक छोटा कॉम्प्युटर बसवला आणि सुयांचं चक्र फिरवणारं मॉड्यूल लिहिलं, म्हणजे थेट कर्नलच्या पोटात जाऊन बसणारा प्रोग्रॅम. तिथे एक चूक झाली तर नुसता तो प्रोग्रॅम नाही, अख्खं यंत्र आडवं होतं. माझं कधी झालं नाही.

आता होतंय. गेल्या महिन्यापासून यंत्रं विणता विणता मधेच थांबतात. सुया अर्ध्यात अडकून वाकतात, सूत तुटतं, मोजा पोटरीपाशीच संपतो. चक्र थांबवणारं माझं फंक्शन एकच, ‘सुई_थांब’. (नावं मी आपल्या भाषेतली ठेवतो. परक्याने चोरून वाचलं तर निदान जीभ तरी अडखळावी.) ते आपण होऊन चालत नाही. कोणीतरी बोलावतं तेव्हाच येतं. तर मग बोलावतं कोण?

म्हणून मी सुई_थांबच्या पहिल्याच ओळीत स्टॅक ट्रेस छापायची व्यवस्था केली. चक्र फिरत असताना थांबायचा हुकूम आला रे आला, की पूर्ण उतरंड छापायची: मला कोणी बोलावलं, त्याला कोणी, त्याच्याही मागे कोण. प्रत्येक ओळीला तिच्या खालच्या ओळीने बोलावलेलं असतं. ऑफिसच्या प्रिंटरपाशी सगळ्यांचे डोळे, म्हणून मोज्यांच्या मापाची लेबलं निघतात त्या प्रिंटरवर काढली. वेगवेगळ्या यंत्रांवर काढली, सगळीकडे तीच. त्या पट्ट्या गरमीने काळ्या पडतात आणि मोबाईल यंत्रांपाशी नेऊ देत नाहीत, तेव्हा हाताने उतरवून देतो:

सुई_थांब
ताण_वाच
पीएम_रनटाइम_वर्क
प्रोसेस_वन_वर्क
वर्कर_थ्रेड

पहिलं माझं. शेवटची तीन कर्नलच्या घरची माणसं, ती सतत घरात वावरतच असतात. मधलं ‘ताण_वाच’ मात्र ना माझं ना कर्नलचं. सुताचा ताण मोजणारं वेगळं मॉड्यूल आहे, ते एका दुसऱ्या माणसाने लिहिलंय. ताण मोजणाऱ्याने यंत्र कशाला थांबवावं? आणि ऐक. त्या माणसाने मला दाखवलेल्या प्रोग्रॅमच्या मजकुरात सुई_थांबचं नावसुद्धा नाही. म्हणजे दाखवायचा एक आणि यंत्रावर चढवायचा दुसरा.

मालक म्हणालेत, महिनाअखेर मला नाव पाहिजे, नाहीतर तुझं सगळं काढून बाहेरून तयार माल आणतो. मॉड्यूल गेल्यावर मागे मी काय मोज्यांच्या जोड्या लावायला उरू?

वाच आणि स्पष्ट सांग.

तुझा
उकल्या

९ फेब्रुवारी

प्रिय उकल्या,

पाकीट दोनदा नाही, तीनदा उलटं केलं. वाटलं, लग्नपत्रिका असेल.

सही वाचून बरं वाटलं. घरातलं घड्याळ, रेडिओ, माझ्या आईचं शिवणयंत्र, जे हाताला लागेल ते उकलून बसायचास आणि जुळवून झालं की दोन स्क्रू उरायचे. ‘हे जास्तीचे होते’ असं तू तिला तोंड वर करून सांगितलं होतंस. पन्नाशी उलटली तरी अजून जास्तीचं काय उरतंय ते तपासून पाहा.

उतरंडीबद्दल. ती तू लिहिलीस तशीच असेल, तर हो, सुई_थांबला ताण_वाचनेच बोलावलं असं वाचावं लागतं. पण माझं मन घेत नाही. ताण_वाच आणि तिच्या खालची पीएमची ओळ या दोघींची एकमेकींशी ओळख असायचं कारण दिसत नाही. लग्नात दोन अनोळखी माणसं एका सोफ्यावर बसवावी तसं दिसतंय ते. तेव्हा पट्टीच पाठव. काळी पडली असली तरी चालेल, दिव्यापुढे धरून वाचेन.

दुसरं. यंत्र थांबतं तेव्हा त्यावर काय विणलं जात असतं? सगळं थांबतं की काहीच?

आणि तिसरं. ‘एका दुसऱ्या माणसाने’ हे काय? तू माणसांची नावं न घेता बोलायला लागलास की मला तुझी भीती वाटते. कोण आहे तो? सुतावरून स्वर्ग गाठायची तुझी जुनी सवय, आणि आता तर तुझ्याकडे सूत कारखानाभर आहे.

बायकोला विचारलंय म्हणून सांग. लेकीला आशीर्वाद.

तुझी
ताई

१५ फेब्रुवारी

ताईस,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला पुरलं. ‘ताण_वाचनेच बोलावलं असं वाचावं लागतं.’ पुढचा सोफा वगैरे तुझा स्वभाव आहे, तो सोडून देतो.

विचारलंसच तर सांगतो. तो माणूस म्हणजे आमचे जावईबापू.

मीच त्याला कारखान्यात लावला. लेकीचं त्याच्याशी जमलं तेव्हा तो कुठेतरी दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करत होता. मी म्हटलं, हात बरा आहे, माझ्याकडे ये. शेजारी बसवून मॉड्यूल लिहायला शिकवलं. कारखान्यात ‘सर’, घरी ‘बाबा’, असं दोन्हीकडून गोड बोलतो. आता मी काय काय पाहिलंय ते वाच आणि मग स्वर्गाचं बोल.

मी त्याच्या मागून गेलो की तो स्क्रीन बदलतो. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन फोनवर बोलतो, आणि मी दिसलो की ‘बरं, नंतर करतो’ म्हणून ठेवतो. लेक घरी आली की माझ्याकडे पाठ करून आईशी बोलते. मी पाणी प्यायला आत गेलो की दोघी भाजीच्या चवीवर येतात. मी काय दुधखुळा आहे? आमच्या घरचं इंटरनेट त्यानेच जोडून दिलंय. आता कळलं मी कागदावर का आलो?

आणि तुझा दुसरा प्रश्न. आखूड मोजे बिनबोभाट निघतात. फक्त गुडघ्यापर्यंतचे, खेळाडूंचे मोजे विणताना यंत्र थांबतं. त्या लांब मोज्यांच्या रांगेवर नजर ठेवायला कोण असतो? जावईबापू. मालकांना मधे एकदा तो म्हणाला होता, ‘सरांचं मॉड्यूल आता जुनं झालं, नव्याने लिहायला पाहिजे.’ काचेपलीकडून ऐकलं मी. नव्याने लिहिणार कोण? म्हाताऱ्याला बाजूला सारल्याशिवाय नवं कसं येणार?

पट्टी मागितलीस त्याचं मात्र वाईट वाटलं. माझ्या अक्षरावर विश्वास नाही? मी एकही अक्षर चुकवत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्या लेबलांच्या प्रिंटरचं डोकं झिजलंय, एखाद्या ओळीच्या आधी काहीतरी वेडीवाकडी खूण उमटवतो, तेवढी मी गाळली. प्रिंटरचा कचरा माझ्या अक्षरात कशाला?

एक विचारतो, खरं सांग. लेकीचा तुला फोन येतो का? परवा ती सहज म्हणून गेली, ‘आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय.’ मला तू हे कळवलेलं नाहीस.

उकल्या

१९ फेब्रुवारी, कुरियरने

उकल्या,

हातातलं काम टाक आणि वाच.

कोणती खूण? कोणत्या ओळीच्या आधी? ती ताण_वाचच्या आधी होती का? आणि ती प्रश्नचिन्हासारखी होती का?

ती प्रिंटरने उमटवलेली नाही. कर्नलने छापलेली आहे.

मला उत्तर येईपर्यंत मालकांशी बोलू नकोस. जावयाशीही नको, बायकोशीही नको. भिंतीशी बोल वाटलं तर.

ताई

२१ फेब्रुवारी

ताई,

कुरियर काल आलं. मालकांशी मी सोळा तारखेलाच बोललो होतो.

तुला पत्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खोलीत गेलो. नाव सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे त्याला बोलावलं. तो हाताला लागलेलं ग्रीस पुसत पुसत आला. मालक म्हणाले, ‘तुझे सासरे म्हणतात, यंत्रं तू थांबवतोस.’ तो माझ्याकडे बघून हसला, त्याला वाटलं गंमत आहे. मग हसू गेलं. म्हणाला, ‘सर, मी कशाला थांबवू?’ मी म्हटलं, उतरंडीत तुझं नाव आहे. तो म्हणाला, ‘बघू द्या मला उतरंड.’ मी दिली नाही. म्हटलं, ज्याच्यावर आळ आहे त्याच्या हातात पुरावा देत नसतात. मालकांना ते पटलं. त्यांनी त्याला दुपारीच घरी पाठवलं.

संध्याकाळी लेक आली. चप्पलसुद्धा काढली नाही. दारातच म्हणाली, ‘स्क्रीन का बदलायचा सांगू? दुसरीकडे नोकरी शोधत होता. तुमच्या हाताखाली काम करणं सोपं वाटतं का तुम्हाला? ओळीच्या आधी रिकामी जागा सोडायची की टॅब मारायचा यावर तुम्ही त्याला सगळ्यांसमोर एवढं फैलावर घेतलंत, की तो घरी येऊन जेवला नाही. तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती म्हणून जिन्यात बोलायचा. आईला माहीत होतं. आत्यालाही माहीत आहे.’

आत्यालाही! म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक आणि मी एकटा आंधळा. मी तुला पत्रावर पत्रं लिहितोय, आणि तू मला सोफ्याच्या गोष्टी सांगतेस? तू एक ओळ लिहिली असतीस, तो नोकरी बघतोय एवढीच, तर मी मालकांच्या दाराला हात लावला असता का?

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. खोटं लिहिणार नाही. पट्टी दिव्यापुढे धरून बघितली. होय, एका ओळीच्या आधी प्रश्नचिन्ह आहे. ताण_वाचच्याच. बाकी पट्ट्याही पाहिल्या, सगळ्यांवर तिथेच. झिजलेलं डोकं प्रत्येक वेळी त्याच ओळीला खूण करणार नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं.

पण त्याने काय सिद्ध होतं? प्रश्नचिन्ह म्हणजे कर्नललाही त्याचाच संशय आहे असं का समजू नये? नोकरी शोधणारा माणूस जाता जाता काड्या करत नाही? समजावून सांग. समजावता येत नसेल तर तसं लिही.

बायको जेवायला वाढते आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते.

उकल्या

२४ फेब्रुवारी

उकल्या,

आधी तुझा राग घेते, तो माझ्या वाट्याचा आहे. हो, लेक मला फोन करते. तो नोकरी शोधतोय हे मला जानेवारीपासून ठाऊक होतं. तिने मला शपथ घातली होती, आणि ती बातमी फोडायची झाली तर ती त्याने फोडायची, मी नाही. पण ‘तशीच असेल तर’ हे शब्द मी तुझ्यासारख्या माणसाला लिहायला नको होते. तुला ‘तर’च्या आधीचं वाचायची सवय नाही, हे मला कळायला हवं होतं.

आता समजावते. येतं मला समजावता.

फंक्शनला कोणी बोलावलं की ‘काम झालं की इथे परत ये’ असा पत्ता स्टॅकवर ठेवला जातो. एकावर एक, मडक्यावर मडकं. काम संपलं की वरचं मडकं उचललं जातं, पण ती जागा कोणी धुऊन पुसून ठेवत नाही. बुडाचा ओला गोल तसाच राहतो. पुढचं काम त्याच जागी आपली मडकी मांडतं, आणि मधल्या रिकाम्या फटीत एखादा जुना गोल दिसत राहतो.

कर्नल उतरंड छापतो तेव्हा तो सगळा पट्टा चाळतो आणि दिसेल तो पत्ता छापतो. आत्ताच्या साखळीत जे नक्की बसतात ते साधे छापतो. जे नुसते सापडले, त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह लावतो. त्याचा अर्थ ‘या माणसावर संशय आहे’ असा नाही. त्याचा अर्थ, ‘हा इथे आत्ता होता याची खात्री मी देत नाही.’

तुझ्या यंत्रात एक वर्कर आहे, जो कोणाचीही कामं उचलून करतो. जावयाचं ताण मोजायचं काम तोच करतो, सारखं करतो. ते करून संपवलं, मग दुसरं काम हातात घेतलं. त्या दुसऱ्या कामात सुई_थांब आलं. जावयाचं काम तोवर केव्हाच आटपलेलं होतं; मागे फक्त त्याचा गोल राहिला होता. त्याने तुला दाखवलेला मजकूर आणि यंत्रावर चढवलेला मजकूर, दोन्ही एकच असणार.

कर्नलला खात्री नव्हती, आणि त्याने ती नाही असं छापून दिलं. तू ते पुसलंस आणि मला पाठवलंस.

आता ती ओळ खोडून उरलेली वाच. सुई_थांबच्या खाली थेट पीएम_रनटाइम. ज्याला तू घरचा माणूस म्हणून सोडलंस तोच. ते वीजबचतीचं खातं आहे. एखाद्या यंत्राला बराच वेळ नवा हुकूम आला नाही, की त्याला वाटतं हे रिकामं बसलंय, आणि ते त्याला झोपवतं. आखूड मोज्यात टाच, पाऊल, चवडा असे हुकूम घडोघडी जात असणार. गुडघ्यापर्यंतच्या मोज्यात एकदा ‘विण’ म्हटलं की लांबच लांब सरळ वीण. मधे कोणी काही बोलत नाही. म्हणून लांब मोजे तुटतात. त्या रांगेवर कोण उभा आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

आधी हे होत नव्हतं, म्हणजे बचत बंद होती. ती कोणीतरी चालू केली. ते शोध. आणि या वेळी छापायच्या आधी माणसांना विचार. उत्तर देतात ती, फार वेळा.

लेकीचा मला दहा दिवस फोन नाही. तू शांत बस म्हणून सांगणार होते, पण तू बसणार नाहीस.

ताई

५ मार्च

ताईस नमस्कार.

उशीर झाला. आधी जे करायचं ते केलं, मग लिहायला बसलो.

तुझं पत्र वाचून यंत्रावर गेलो. बचत चालू होती. बंद करून गुडघ्याचे मोजे लावले आणि शेजारी स्टूल टाकून बसलो. एकही तुटला नाही. मग तू म्हणालीस तसं माणसांना विचारलं. पहिलाच माणूस वायरमन. तो म्हणाला, ‘हो, मीच केली की चालू. नव्या वर्षात मालक म्हणाले, वीज फार जाते, जिथे जिथे बचतीचं बटण दिसेल तिथे दाब. तुमच्या कॉम्प्युटरांतही होतं, दाबलं.’ म्हटलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाला, ‘तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर कोणी जवळ आलं की कागद झाकत होता. आम्हाला वाटलं, मालकांनी तुम्हाला आमच्यावर नजर ठेवायला सांगितलंय.’

मालकांच्या खोलीत गेलो. ते म्हणाले, ‘काय, आता कोणाचं नाव?’

‘तुमचं,’ म्हटलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘म्हणजे मी आता मलाच घरी पाठवू की काय? जा, जावयाला बोलावून आण.’ एवढ्यावर त्यांचं संपलं. माझं संपत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे जमले तिथे उभा राहिलो आणि सांगितलं की त्याचं नाव मी घेतलं, ते खोटं होतं, पट्टी मला वाचता आली नाही. ‘वाचता आली नाही’ हे तीन शब्द माझ्या तोंडून ऐकून कटाईवाली बाई घास हातात धरून बघत राहिली.

रविवारी त्यांच्या घरी गेलो. बायको म्हणाली, ‘मी येत नाही, तुमचं तुम्ही निस्तरा.’ दार लेकीने उघडलं. अर्धंच. म्हणाली, ‘आत या बाबा, पण कामाचं एक अक्षर बोलायचं नाही.’ मी मान हलवली.

आत जाऊन बसलो आणि लक्षात आलं की कामाचं सोडून मी या माणसाशी कधी काही बोललेलोच नाही. काय बोलणार? तो समोर बसला. मी म्हटलं, चुकलं माझं. तो म्हणाला, ‘हो.’ मग म्हणाला, ‘वायरमनचा फोन आला होता, सगळ्यांसमोर काय बोललात ते सांगितलं त्याने.’ मी म्हटलं, मालक परत बोलावतायत. तो म्हणाला, ‘नको बाबा. दुसरीकडे झालंय नक्की, सोमवारपासून आहे.’ ‘चांगलं आहे का?’ विचारलं. ‘चांगलं आहे. तिथे टॅब मारलेला चालतो.’ लेक आतून हसली. मी हसलो नाही, पण रागावलोही नाही.

चहा झाला. निघायचं म्हणून उठलो, तर स्वयंपाकघरातून पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. मी कान बंद केले. कोणी सांगितल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात कशाला हात लावायचा नाही, असं ठरवूनच गेलो होतो. हत्यारांची पिशवीही मुद्दाम घरी ठेवली होती. दारापर्यंत पोचलो आणि जावई मागून म्हणाला, ‘बाबा, तेवढं नळाखाली बघता का? मला काही कळत नाही त्यातलं.’

गेलो. ओट्याखाली डोकं घातलं. आता तुला सांगतो ताई, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. पाना आधीच ओट्यावर काढून ठेवलेला होता. खाली बादली मांडलेली होती आणि तिच्यात जेमतेम बूड भिजेल एवढं पाणी होतं. गळती कालची असती तर ती भरली असती. वॉशर कोरा करकरीत. आणि नटावर पान्याचा एक ओरखडा नव्हता. तो आपोआप सैल झालेला नव्हता, कोणीतरी हाताने फिरवून सैल केलेला होता, मी यायच्या थोडंसं आधी.

बोटाने दोन पीळ दिले असते तरी गळती थांबली असती. मी पाना घेतला आणि बराच वेळ खाटखूट केली. तो शेजारी उकिडवा बसून मोबाईलचा उजेड धरत होता.

बाहेर येऊन हात पुसले आणि म्हटलं, ‘जोड पार जुना झालाय. आज बांधून दिलाय, पण याचा भरवसा नाही. पुढच्या रविवारी येऊन बघावं लागेल.’

तो नळाकडे बघत म्हणाला, ‘बघावंच लागेल.’

तुझा
उकल्या